चौघांची चार उत्तरं

'ताई, पप्पांना जाऊन चार महिने झाले. दफनविधीच्या दिवशी आत्याने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तो स्वर्गातून तुला बघतोय." पाळकसाहेब प्रार्थनेत म्हणाले, "ते प्रभूमध्ये झोपी गेले आहेत, शेवटचा कर्णा वाजेपर्यंत." मामी कॅथलिक आहे, ती म्हणाली, "त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करू." आणि काका सगळ्यांदेखत म्हणाले, "दहा वर्षं चर्चची पायरी न चढलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते शास्त्रात स्पष्ट लिहिलंय." चौघंही रोज बायबल वाचणारी. मग खरं कोणाचं? रोज रात्री मी पप्पांच्या फोटोशी बोलते. मेलेल्यांशी बोलायला देवाने मनाई केली आहे, त्यामुळे हे पाप आहे, असं मैत्रीण म्हणते. आणि पुन्हा भेट झालीच, तर पप्पा मला ओळखतील का? हे कुणाला विचारलं की माझा विश्वास डळमळला असं समजतात, म्हणून तुम्हाला लिहितेय.'

ताई म्हणालीस, म्हणून मी 'तू'च म्हणते. विश्वास डळमळल्याचं म्हणशील, तर माणूस मेल्यावर पुन्हा जिवंत होईल का, हा प्रश्न बायबलमध्येच विचारलेला आहे, ईयोबाच्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात. विचारणारा नीतिमान म्हणून नावाजलेला. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकतो तो त्याच्या मित्रांवर, ज्यांच्याकडे त्याच्या प्रत्येक दुःखाचं उत्तर तयार होतं.

तुझ्या घरचे चौघं खोटं बोललेले नाहीत. प्रत्येकाने वेगळं पान उघडलंय. बायबल म्हणजे शेकडो वर्षांत अनेक हातांनी लिहिलं गेलेलं ग्रंथालय आहे, आणि मरणाबद्दल त्यातली जुनी पानं नव्या पानांच्या सुरात बोलत नाहीत. चर्चमध्ये हे सहसा कुणी सांगत नाही, कारण दफनविधीला माणसं इतिहास ऐकायला आलेली नसतात. पण तुझ्या प्रश्नाची वाट या इतिहासातूनच जाते, तेव्हा थोडा धीर धर.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. माती आणि श्वास मिळून जिवंत माणूस. इथे 'जीव' या अर्थी जो हिब्रू शब्द येतो, नेफेश, तो अख्ख्या माणसासाठी आहे, त्याच्या तहानभुकेसकट. पिंजऱ्यातून सुटून उडणारं पाखरू असं आत्म्याचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं, ते या पानावर सापडत नाही. माती मातीला मिळते आणि श्वास देणाऱ्याकडे परत जातो, असं उपदेशकाच्या १२व्या अध्यायातही आहे.

मेलेली माणसं जातात ती शिओलात. मराठी बायबलमध्ये त्याला 'अधोलोक' म्हटलंय. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागात, हा शब्द साठाहून अधिक वेळा येतो, आणि त्याचा अर्थ नरक असा घ्यायचा नसतो. तिथे भट्टी नाही, आहे तो अंधार आणि शांतता, आणि चांगले-वाईट सगळे तिथेच. योसेफाला श्वापदाने खाल्लं असं वाटल्यावर याकोब म्हणतो, मी शोक करत माझ्या मुलाकडे अधोलोकात जाईन. ईयोब तर त्या जागेकडे डोळे लावून बसतो, कारण तिथे थकलेल्यांना विसावा मिळतो आणि दास धन्यापासून मोकळा होतो. सहाव्या स्तोत्रातला भक्त देवाला विचारतो की अधोलोकात तुझं स्तवन कोण करणार? जणू देवालाच त्याच्या तोट्याची आठवण करून देतोय! आणि उपदेशक नवव्या अध्यायात सरळ सांगून टाकतो की मेलेल्यांना काहीच कळत नाही.

जाता जाता एक सांगते. १६११च्या इंग्रजी बायबलने शिओल, हेडीस (अधोलोकासाठीचा ग्रीक शब्द) आणि गेहेन्ना (नरकासाठीचा शब्द) या तिन्ही शब्दांसाठी बऱ्याच ठिकाणी 'हेल' हा एकच शब्द वापरला, आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या घोळ झाला. आपल्या मराठी भाषांतराने अधोलोक वेगळा ठेवला आणि नरक वेगळा. काकांना हे आवर्जून दाखव.

मग आशा कुठून आली? छळातून. नीतिमान माणूस नीतीने वागला म्हणूनच मारला जातो, तेव्हा न्यायाचा हिशेब या आयुष्यात पुरा होत नाही. यशयाच्या २६व्या अध्यायात धुळीत पडलेल्यांना 'जागे व्हा' अशी हाक आहे. दानीएलाच्या १२व्या अध्यायात मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील, असं स्पष्ट येतं. बहुतेक अभ्यासक दानीएलाचा हा भाग यहूद्यांना छळणारा ग्रीक राजा अंतियुख चौथा याच्या काळात, म्हणजे इसवीसनापूर्वी १६५च्या आसपास ठेवतात. येशूच्या काळापर्यंत यहूद्यांच्या दोन पंथांपैकी परूशी लोक पुनरुत्थान मानत होते, सदूकी मानत नव्हते. आणि बेथानीची मार्था, चारच दिवसांपूर्वी भाऊ गेलेली, येशूला सांगते की शेवटच्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. तिचं तेवढ्यावर समाधान झालेलं नाही, हे तिच्या बोलण्यातून कळतं.

आता पाळकसाहेबांकडे येऊ. 'झोपी गेले' हा शब्द त्यांच्या पदरचा नाही. मार्थाचा हा भाऊ लाजर मेला तेव्हा येशू हाच शब्द वापरतो. प्रेषितांच्या कृत्यांत दगडमार सोसून स्तेफन 'झोपी जातो'. ग्रीकमध्ये निजण्याच्या जागेला कोइमेटेरिऑन म्हणत. ख्रिस्ती लोकांनी आपल्या दफनभूमीला ते नाव दिलं, आणि आजचा 'सेमेटरी' हा शब्द तिथूनच आला आहे.

सुमारे इसवी सन ५०मध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. त्या मंडळीची काळजी बहुतेक तुझ्यासारखीच होती. प्रभू लवकर येणार असं त्यांना सांगितलेलं, आणि तो यायच्या आतच घरची माणसं मरायला लागली. त्यांचं काय? पौल त्यांना नकाशा काढून देत नाही. तो म्हणतो, जे ख्रिस्तात मेले ते आधी उठतील, मग आपण सगळे एकत्र प्रभूजवळ राहू. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असंही म्हणतो. शोकच करू नका, असं म्हणत नाही. हे वचन अर्धंच ऐकवणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

मरणापासून त्या दिवसापर्यंत काय, यावर ख्रिस्ती लोक शतकानुशतकं भांडत आलेत. आपल्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराला येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मूळ शब्द पारादेइसोस, पर्शियन भाषेतून ग्रीकमध्ये गेलेला, अर्थ कुंपण घातलेली बाग. आता हे 'आज' कुठे जोडायचं? जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हांची आजच्यासारखी पद्धत नव्हती. म्हणून यहोवाचे साक्षीदार आणि सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट ते 'आज मी तुला सांगतो' असं वाचतात, आणि मेलेले बेशुद्ध निद्रेत आहेत असं मानतात. बाकीच्या बहुतेक मंडळ्या 'आज तू असशील' असं वाचतात, आणि येशूची बोलण्याची नेहमीची लकब पाहता मलाही तेच सरळ वाटतं. तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना पौल म्हणतो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असावं असं मला फार वाटतं. नुसत्या गाढ झोपेसाठी कुणी एवढा आसुसत नाही. पण प्रोटेस्टंट सुधारकांपैकी मार्टिन ल्यूथर मरणाला झोप म्हणायचा आणि कॅल्विनने त्या कल्पनेविरुद्ध अख्खी पुस्तिका लिहिली, तेव्हा या दोघांचं जिथे पटलं नाही तिथे तू चार महिन्यांत निकाल लावावास, अशी अपेक्षा कुणी करू नये. झोपलेल्याला मधली रात्र कळत नाही, एवढं मात्र खरं. डोळा मिटला आणि डोळा उघडला, मध्ये काहीच नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर पाळकसाहेब आणि आत्या यांच्यात फारसं अंतर उरत नाही.

आत्याच्या 'बघतोय'ला आधार म्हणून इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायातला साक्षीदारांचा मेघ दाखवतात. मूळ शब्दाचा अर्थ साक्ष देणारे असा आहे, गॅलरीत बसून बघणारे असा नाही. तरी तिच्या तोंडचं ते वाक्य तू शास्त्राच्या तराजूत घालू नकोस. तिचाही भाऊ गेलाय.

तिला एकच जोड देता येईल. बायबलचं शेवटचं चित्र माणसं वर जाण्याचं नाही. प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात नवं यरुशलेम खाली उतरतं, देव माणसांत राहायला येतो, आणि डोळ्यांतला प्रत्येक अश्रू स्वतः पुसतो. आपण पत्ता नेहमी उलट सांगतो.

मामीचं उत्तर एका परिच्छेदात आटोपते. तिच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, तुझ्या ६६. त्या जादा पुस्तकांपैकी एक, मक्काबींचं दुसरं पुस्तक, १२व्या अध्यायात सांगतं की यहूदा मक्काबीने लढाईत पडलेल्या आपल्या माणसांच्या पापांसाठी अर्पण पाठवलं, आणि ते चांगलं केलं. मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याची कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा फार जुनी आहे. पुढे पश्चिमेत त्याला पैशाचा वास लागला, १५१७मध्ये ल्यूथरने त्यावर बोट ठेवलं, आणि तुझ्या पाळकसाहेबांच्या घराण्यातून ती प्रथा गेली. मामीच्या मिस्सेला तू गेलीस म्हणून काही बिघडत नाही. ती तुझ्या वडिलांची आठवण देवापुढे नेतेय.

काकांसाठी मात्र जरा बसावं लागेल.

येशू नरकाबद्दल बोलला का? बोलला. नव्या करारात गेहेन्ना हा शब्द १२ वेळा येतो आणि त्यातला ११ वेळा त्याच्याच तोंडी. तेव्हा 'प्रेमळ देव असं काही करणार नाही' असं म्हणून मी तुला थोपटणार नाही. पण गेहेन्ना ही आधी एक खरी जागा आहे, यरुशलेमच्या दक्षिणेला असलेलं हिन्नोमाचं खोरं. गावाचा कचरा तिथे सतत जळायचा, असं प्रवचनांत नेहमी ऐकू येतं. त्याचा सर्वांत जुना उल्लेख थेट इसवी सन १२००च्या सुमाराच्या एका यहूदी भाष्यकाराचा आहे, म्हणजे येशूनंतर हजाराहून अधिक वर्षांचा. बायबल स्वतः त्या जागेबद्दल जे सांगतं ते कचऱ्याहून भयंकर आहे. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथे आपली मुलं आगीत होमली. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, पुन्हा कुणी तसं करू नये म्हणून. आणि यिर्मयाच्या सातव्या अध्यायात देव म्हणतो, मुलांना आगीत जाळा असं मी कधी सांगितलं नाही, माझ्या मनातही ते आलं नाही.

त्या खोऱ्याचं नाव घेऊन येशू कुणाला दरडावतो, ते आता बघ. बहुतेक वेळा आपल्याच शिष्यांना, आणि मत्तयाच्या २३व्या अध्यायात शास्त्री-परूश्यांना, म्हणजे प्रार्थनास्थळात पुढच्या बाकावर बसणाऱ्यांना. पाचव्या अध्यायात तर भावाला 'मूर्खा' म्हणणाऱ्यालाही तो हीच भीती घालतो. मेलेल्या माणसाकडे बोट दाखवून, त्याच्या लेकीला ऐकू जाईल असं, तो हा शब्द एकदाही वापरत नाही.

काकांच्या बाजूची वचनं नाहीतच असं नव्हे. एकत्र जमणं सोडू नका, असं इब्री लोकांस पत्रात आहे. विश्वास ठेवणाऱ्याला जीवन आणि न ठेवणाऱ्यावर देवाचा क्रोध, असं योहान तिसऱ्या अध्यायात लिहितो. एकदा मरणं आणि मग न्याय, हेही इब्री लोकांसच्या नवव्या अध्यायात आहे. पण न्यायाचं सगळ्यांत तपशीलवार चित्र मत्तयाच्या २५व्या अध्यायात सापडतं, आणि तिथे विचारणा होते ती भुकेल्याची, तान्हेल्याची, परक्याची, उघड्याची, आजाऱ्याची आणि बंदिवानाची. शिवाय उजवीकडचे आणि डावीकडचे, दोन्ही गट चकित होऊन एकच प्रश्न विचारतात: प्रभू, केव्हा? कुणालाच आपला निकाल आधी ठाऊक नव्हता. ज्या गोष्टीने त्या दिवशी सगळ्यांना धक्का बसणार आहे, ती काकांना दफनविधीच्या दुपारीच कळली होती तर! पौल करिंथकरांना लिहितो, प्रभू येईपर्यंत, वेळेच्या आधी निवाडा करू नका.

आणि तो क्रुसावरचा चोर. त्याने ना बाप्तिस्मा घेतला, ना कुठल्या मंडळीत नाव नोंदवलं. 'माझी आठवण ठेव,' एवढं तो म्हणाला, तेही अगदी शेवटच्या तासांत. तुझ्या वडिलांच्या शेवटच्या तासांत त्यांच्या मनात काय होतं, हे तुला माहीत नाही, मला नाही आणि काकांना तर नाहीच. पप्पा दहा वर्षं चर्चला का गेले नाहीत, हे तू लिहिलं नाहीस. ते विचारायला कधी कुणी त्यांच्या घरी आलं होतं का, असं काकांना शांतपणे विचारून बघ.

नरकाची शिक्षा अनंतकाळ भोगायची, की प्रकटीकरणातलं 'दुसरं मरण' म्हणजे कायमचं संपून जाणं, यावरही ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. शेवटी सगळ्यांचा समेट होईल अशी आशा निसाच्या ग्रेगरीसारख्या चौथ्या शतकातल्या धर्मपित्याने धरली होती. मी त्यात शिरत नाही. तुला तो वाद नको आहे, तुला पप्पा हवे आहेत.

मग तो फोटो. मैत्रिणीने जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १८वा अध्याय वाचलाय. तिथे चेटूक, मंत्रतंत्र, भूतविद्या आणि मृतांना विचारणं, ही सगळी एका माळेत आहेत. मनाई आहे ती विचारण्याला, म्हणजे मेलेल्याकडून गुपित काढून घेण्याला. त्याचं उदाहरण १ शमुवेल २८मध्ये आहे. पलिष्ट्यांच्या सैन्यापुढे घाबरलेला शौल राजा वेष बदलून रात्री एनदोर गावच्या, मृतांना बोलावणाऱ्या बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर आणायला लावतो, कारण त्याला उद्याच्या लढाईचं काय करायचं ते हवं होतं. तू पप्पांना विचारतेस का, कुठला शेअर घेऊ? (विचारत असशील तर थांबव.)

आता त्याच्या पुढचंच पुस्तक उघड. शौल आणि योनाथान पडल्याची बातमी येते आणि दावीद विलाप करतो. सुरुवातीला तो त्यांच्याविषयी बोलतो, ते असे होते, तसे होते. मग २ शमुवेल १:२६ला तो एकदम वळतो आणि मेलेल्या मित्रालाच हाक मारतो: माझ्या बंधू योनाथाना, तुझ्यासाठी मी कष्टी आहे. पुढे त्याचा मुलगा अबशालोम मारला जातो तेव्हाही, माझ्या मुला, तुझ्याऐवजी मीच मेलो असतो तर! तिथेही 'तू'. एनदोरची मनाई ज्या शास्त्रात आहे, त्याच शास्त्रात हा विलाप आहे, आणि दाविदाला कुणी चेटक्या म्हटलं नाही. तू रोज रात्री करतेस तो विलाप आहे. त्याला प्रार्थनाही म्हणू नकोस. प्रार्थना देवाला करावी, आणि पप्पांशी जे बोलतेस त्यातलं थोडं देवालाही सांगावं, कधी रागाने सांगावंसं वाटलं तरी.

रडू येत असेल तर योहान ११ वाच. लाजराला आपण काही क्षणांत उठवणार आहोत, हे येशूला माहीत आहे. तरीही कबरेकडे जाताना तो रडतो. मला त्या अध्यायातला चमत्कार कधी कधी समजत नाही, ते रडणं समजतं.

राहिला ओळखीचा प्रश्न. इथे बायबलकडे सिद्धांत थोडा आणि प्रसंग जास्त आहेत. सिद्धांत १ करिंथ १५मध्ये आहे. पौल तिथे गव्हाच्या दाण्याचा दाखला देतो: पेरतोस तो उघडा दाणा, उगवतं ते रोप. रोप दाण्यासारखं दिसत नाही, पण दुसऱ्या कुठल्या दाण्याचंही नसतं. त्याच अध्यायात तो मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. मरण म्हणजे सुटका, मित्र, नुसतं दार, असं कुणी तुला ऐकवलं आणि तुझं डोकं फिरलं, तर पौल तुझ्या बाजूला आहे.

प्रसंग म्हणशील, तर पुनरुत्थानानंतरचा येशू. तो भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. थोमाला हातांवरचे खिळ्यांचे वण दाखवतो, म्हणजे जखमांचा इतिहासही पुसला गेलेला नाही. तरी पहिल्या नजरेत त्याला बऱ्याचदा माणसं ओळखत नाहीत. अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य त्याच्याबरोबर चालतात, बोलतात, आणि त्याने भाकर मोडली तेव्हा कुठे त्यांना कळतं. मरिया मग्दालिया तर कबरेबाहेर रडत उभी आहे, त्याला समोर बघते आणि बागेचा माळी समजते. प्रेत तू नेलं असशील तर कुठे ठेवलंस ते सांग, असं त्यालाच विचारते! चेहरा बघून कळलं नाही, बोलणं ऐकून कळलं नाही. मग तो तिचं नाव घेतो, 'मरिये', आणि ती वळते.

पप्पा तुला घरात कोणत्या नावाने हाक मारायचे, ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस.